सुई कुठे मिळते, ते आधी बघा

पत्र

ताई, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. घरात एकटीच असते. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. माझ्या हाताखालून गेलेल्या आठ मुली आज 18 ते 23 वर्षांच्या आहेत. दोघींना नवऱ्याने टाकलंय, एकीचा नवरा अपघातात गेला आणि पदरात मूल आहे, बाकीच्या दहावी-बारावीवर थांबल्या. अशाच राहिल्या तर पुढच्या हंगामात त्याही कोयता धरतील. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले 3 लाख रुपये मी बाजूला काढलेत. येत्या 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आठही जणींना शिलाई मशीन द्यायचं मनात आहे. मंडपाचं बघतो असं गावातले पुढारी म्हणालेत. माझा भाऊ म्हणतो, सगळे पैसे पाण्यात जातील. आणखी एक 17 वर्षांची मुलगी आहे, पण तिचं लग्न दसऱ्याच्या आत उरकायचं चाललंय, म्हणून तिला यादीत धरलेलं नाही. भाऊ म्हणतो ते खरं होईल का?
एक निवृत्त शिक्षिका

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

ज्यांनी 31 वर्षं खडू धरला त्यांना मी बाईच म्हणणार.

तुमचा प्रश्न बाजूला ठेवून मी आधी त्या 17 वर्षांच्या मुलीकडे येते. तिला यादीत धरलं नाही असं लिहिलंत. बाई, सगळ्यांत आधी तिलाच धरा. दसऱ्याच्या आत लग्न उरकायची घाई कशाची असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचं लग्न झालं की त्या घरात एक कोयता वाढतो, उचल वाढते. इकडे मुलीच्या आई-बापाला वयात आलेली पोर फडावरच्या खोपीत ठेवायची भीती, आणि गावी म्हाताऱ्या आजीपाशी सोडायचीही भीती. ही भीती खोटी नाही. त्यामुळे त्या घरी जाऊन पहिल्याच वाक्याला कायदा काढू नका. सहा महिने ती कुठे राहणार, याचं उत्तर घेऊन जा. तुम्ही घरात एकट्या आहात. हंगामभर ती तुमच्याकडे झोपायला येऊ शकते का, याचा विचार करा. शाळेत नाव असेल तर ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहात चौकशी करा. शाळा सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून परीक्षेला बसेल, हे तर तुम्ही कितीतरी जणींचं केलं असेल.

एवढं करूनही घरचे ऐकले नाहीत, तर थांबू नका. 18 च्या आत मुलीचं लग्न लावणं 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे. खेड्यात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. गावात वाईटपणा येईल. तो तुम्हाला पेलेल, तिला तिचं आयुष्य परत मिळणार नाही.

आता मशीनचं.

मी बचत गटांची सहयोगिनी म्हणून बरीच वर्षं गावं फिरले. एका वर्षी एका कंपनीच्या मदतनिधीतून आमच्या भागात 20 शिलाई मशीन आल्या. यादी मी केली होती. मंडप झाला, हार झाले, फोटो झाले. दिवाळीनंतर मी हिशेबाला घरोघर गेले, तेव्हा सहा मशीन चालू होत्या. दोन विकल्या गेल्या होत्या; त्यातल्या एकीने त्या पैशांतून सासऱ्याचा दवाखाना केला होता, त्याबद्दल मी तिला काही बोलले नाही. एका पत्र्याच्या घरात मशीन होती ती कोपऱ्यात, वर ज्वारीचं पोतं, पट्टा उतरवून भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेला. मुलगी 19 वर्षांची, हात चांगला, बाह्या तर अशा बसवायची की बघत राहावं. मी विचारलं, काय झालं गं?

"सुई तुटली, ताई."

"मग दुसरी नाही आणली?"

"गावात मिळत नाही. तालुक्याला जावं लागतंय, अन् दादाला येळच नाही."

चार महिने झाले होते. हजारो रुपयांची मशीन पाच-दहा रुपयांच्या सुईपायी बंद, आणि सुई बारा किलोमीटरवर. एसटी दिवसातून तीनदा जात होती. पण एसटीत एकटीने बसायचं की नाही, हे ठरवणारा तिचा भाऊ होता. यादी करताना मी प्रत्येकीला विचारलं होतं, शिवता येतं का? सुई तुटली तर कुठून आणशील, आणि आणायला कोण जाऊ देईल, हे एकीलाही विचारलं नव्हतं. ती चूक माझी होती, आणि तुमचं पत्र वाचताना मला ते पोतंच डोळ्यांपुढे आलं.

म्हणून भावाच्या बोलण्याचं माझं उत्तर असं आहे: ठरवलंय तसंच केलंत तर निम्मे पैसे जातील. पण दोष मुलींचा नसेल. गरीब घरातल्या पोरीचा धंदा मोठ्या संकटाने फारसा बुडत नाही. सुई, सुट्टे पैसे, पाळीचे चार दिवस, चुलतीची उधारी, मुलाचा ताप, असल्या लहान लहान गोष्टींत तो अडकतो, आणि त्या वेळी विचारायला जवळ कुणी नसतं. तुमच्याकडे 3 लाख रुपये आहेत, त्याहून मोलाचं म्हणजे गावातल्या प्रत्येक उंबऱ्यात तुम्हाला "या बाई, बसा" म्हणणारं माणूस आहे. तुमच्या मुलींपैकी एखादीच्या दादालाही तुम्हीच पाढे शिकवलेत. "तिला मंगळवारी बाजाराला माझ्याबरोबर पाठव," हे तुम्ही म्हणालात तर तो नाही म्हणणार नाही. पहिल्या दोन वेळा तुम्ही बरोबर जा, तिसऱ्या वेळी दोघी मुलींना मिळून पाठवा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढं तरी ओझं हलकं झालंय.

दोघी मिळून, हे मी मुद्दाम म्हणते. अहमदाबादला सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेची बँक आहे, तिच्या खातेदार बायकांबरोबर एक अभ्यास झाला होता. धंद्याचं दोन दिवसांचं शिक्षण दिलं, काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीला घेऊन या म्हटलं. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं होतं आणि त्यांच्या घरातली कमाईही वाढलेली दिसली. ज्या समाजांत बायकांच्या बाहेर पडण्यावर बंधनं जास्त, तिथे हा फरक जास्त होता. आपण गटांत वर्षानुवर्षं हेच बघत आलोय. एकटीच्या पायात बळ येत नाही, सोबतीण असली की ती बँकेच्या साहेबापुढेही उभी राहते.

आता 3 जानेवारीबद्दल. सावित्रीबाईंच्या दिवशी काही करावं ही तुमची भावना मला कळते. पण जानेवारीत तुमच्या गावात असतं कोण? टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तुम्ही मशीन द्याल तेव्हा मुलींच्या आया साताऱ्या-कोल्हापूरकडच्या फडावर मोळ्या बांधत असतील. घरात परवानगी देणारं कुणी नाही आणि गावात ब्लाउज शिवून घेणारंही कुणी नाही, अशा दिवसांत धंदा सुरू करून मुलगी दोन महिने रिकामी बसेल. तिला वाटेल, आपल्याला जमत नाही. तेवढं एकदा मनात बसलं की काढता येत नाही.

त्यापेक्षा गावाच्या वेळापत्रकाने चाला. आया गावात आहेत तोवर, म्हणजे आत्ताच, घटस्थापनेच्या आत, प्रत्येकीच्या घरी जा. आईशी बोला, आजी असेल तर तिच्याशी जास्त बोला, कारण पुढचे सहा महिने घर तिच्याच ताब्यात असणार. हंगामाचे महिने शिकण्यात घालवा. बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. सगळे तिला आरसेटी म्हणतात. तिथलं शिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट. दोघी-दोघींना पाठवा. आणि खरा धंदा पाडव्यानंतर सुरू होऊ दे. टोळ्या परतलेल्या असतात, लगीनसराई तोंडावर असते, ब्लाउज, फॉल-पिको, मेंदी, रुखवताचे पदार्थ, सगळ्याला एकदम मागणी येते. पहिल्या महिन्यात मुलीच्या हातात चार पैसे खुळखुळले तर घरातला विरोध आपोआप निम्म्यावर येतो.

आणि आठही जणींना शिलाईच का? हे तुम्ही ठरवलंत की त्यांनी? एका गावात आठ शिंपिणी झाल्या तर त्या एकमेकींचं गिऱ्हाईक खातील, शिलाईचा भाव पाडतील, आणि मैत्रिणी होत्या त्या बोलेनाशा होतील. असं झालेलं मी पाहिलंय. मशीन घेण्याआधी एक काम करा, ते तुम्हाला छान जमेल. आठ जणींना एक-एक दोनशे पानी वही द्या. तीन संध्याकाळी प्रत्येकीने दहा घरं फिरायची आणि लिहायचं: गेल्या आठवड्यात या घराने गावाबाहेरून काय आणलं, कितीला आणलं, कुणी आणलं. तिखट, शेवया, पापड, फॉर्म भरणं, झेरॉक्स, मोबाइलचं कव्हर, भुवया कोरणं, अंडी, बाळाची झबली, काहीही. चौथ्या दिवशी पाटावर सगळ्या वह्या मांडून बसा. गावातला पैसा कुठून बाहेर जातो, ते त्या पोरींना स्वतःच्या अक्षरात दिसेल. त्यातून कोण काय करणार हे त्याच बोलतील. बारावी झालेली एखादी म्हणेल, मी ऑनलाइन फॉर्म भरते, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला पोरं तालुक्याला जातात. दुसरी शेळ्यांचं म्हणेल. म्हणू दे.

गिऱ्हाईक आधी, सामान नंतर, हे काही मी शोधलेलं नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या, तेव्हा त्यांच्याकडे 80 रुपये होते, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. तेच पुढे लिज्जत. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. चार पाकिटं कुणाला विकायची हे माहीत होतं, म्हणून पाचवं करायला बळ आलं. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेही गिरणगावातल्या खानावळवाल्यांना घेऊन. त्या बायका आधीपासून गिरणी कामगारांचे डबे करत होत्या. गिऱ्हाईक दारात जेवत होतं. अडत होतं ते सावकाराच्या व्याजामुळे. प्रेमाताईंनी त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं.

हिशेब तुम्ही शिकवा, बाई. बाहेरचे प्रशिक्षक येतात, फळ्यावर नफा-तोटा लिहितात आणि जातात. मुलींना टक्केवारी येते, स्वतःचे हात हिशेबात धरायला येत नाहीत. एक उदाहरण देते. शेंगदाण्याची चटणी घ्या. समजा एक किलो शेंगदाणे 140 रुपये, लसूण-तिखट-जिरं-मीठ 50, गॅस 15, पाकिटं आणि चिठ्ठ्या 20. झाले 225. त्यातून 200 ग्रॅमची पाच पाकिटं निघाली आणि तिने 50 रुपयांना एक अशी विकली, तर आले 250. मुलगी आनंदाने सांगते, 25 रुपये सुटले. आता तिला विचारा, भाजणं, सोलणं, कुटणं, भरणं यात किती वेळ गेला? दोन तास. म्हणजे तासाला साडेबारा रुपये. शेजारच्या शेतात खुरपायला गेली असती तर याहून जास्त मिळाले असते. तेच पाकीट तिने तालुक्याच्या दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने रुपयामागे 20 पैसे कापले, तर तिच्या हातात पाकिटामागे 40 येतात, पाचांचे 200. खर्च 225. म्हणजे पदरचे 25 घालून ती दुकानदाराला चटणी खाऊ घालते आहे, आणि तिला वाटतंय धंदा वाढला. तासाचे 50 रुपये धरले तर ते पाकीट 65 च्या खाली विकता कामा नये, आणि दुकानात ठेवायचं तर 80 च्या पुढे. एवढ्याला विकलं जात नसेल तर चटणी सोडून दुसरं बघायचं. हे गणित प्रत्येकीने स्वतःच्या मालावर, स्वतःच्या वहीत, निदान पाच वेळा करू दे. पहिल्या खेपेला त्या स्वतःची मजुरी लिहायला लाजतात. "घरचंच तर काम आहे" म्हणतात. ती ओळ त्यांच्याकडून लिहवून घ्या.

उधारीचंही लगेच सांगते. गावात मुलीने धंदा काढला की पहिलं गिऱ्हाईक चुलती, दुसरं मामी, तिसरी शेजारची काकू, आणि तिघीही म्हणतात, "देते की गं, पळून चालले का?" मोठ्या माणसाला नाही म्हणायचं शिकवलेलंच नसतं आपण पोरींना. पहिलं वर्षभर हे नाही म्हणणं तुम्ही तुमच्या अंगावर घ्या. मुलीने एवढंच म्हणावं, "बाईंना हिशेब दाखवायचा असतो, त्यांनी उधारी नको म्हटलंय." तुम्ही वाईट ठरा. चालेल तुम्हाला.

पैशांकडे येते. 3 लाखांतले 2 लाख आजच परत ठेवून द्या. तुम्ही एकट्या आहात, म्हातारपण आहे, दवाखाना आहे. 1 लाख पुष्कळ झाले. तेही आठ जणींना एकदम नको. तयार आहेत अशा तिघी-चौघींपासून सुरुवात करा, बाकीच्या बघून येतील. पैसे देणगी म्हणून देऊ नका. देणगी दिली की मुलगी तुमची मिंधी होते, आणि घरचे म्हणतात, फुकटचे आलेत, द्या भावाच्या मोटारसायकलला. बिनव्याजी उसने द्या, एकीला पाच ते दहा हजार, तीन महिन्यांनंतर आठवड्याला जमेल तेवढी परतफेड. परत आलेले पैसे तुमच्याकडे घेऊ नका, मुलींचा बचत गट करा आणि त्यात जमा होऊ द्या, म्हणजे पाचव्या, सहाव्या मुलीला त्यातूनच मिळतील. मग बैठकीत विचारणाऱ्या तुम्ही नसाल, तिच्या मैत्रिणीच विचारतील. फक्त जिच्या पदरात मूल आहे तिला वेगळा न्याय लावा. तिला पहिले सहा महिने घरखर्चाला थोडी रक्कम तशीच द्या, उसनी नव्हे. ज्या घरात संध्याकाळच्या पिठाची चिंता आहे तिथलं भांडवल पंधरा दिवसांत पोटात जातं, आणि त्याला कुणी नाव ठेवू नये.

मशीन घ्यायचीच झाली तर पहिली जुनी घ्या किंवा भाड्याने. दोघींत एक. काम दोघींना पुरेनासं झालं की दुसरी.

प्रत्येकीचं बँक खातं तिच्या एकटीच्या नावाचं हवं, आणि मोबाइल नंबर तिचाच जोडलेला हवा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. खातं मुलीचं आणि मेसेज येतो भावाच्या फोनवर, हे घरोघर आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. फुटपाथवर राहणारी एक लोहारकाम करणारी बाई, कांताबाई, थोडे थोडे पैसे साठवायला खातं मागत होती आणि कुठलीच बँक उघडून देईना, तिथून ती गोष्ट सुरू झाली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण सभासद बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या माणसांनाही घाला, बघू कोण आधी करतं. पण मला त्यातली जास्त लक्षात राहिलेली गोष्ट पुढची आहे. बायका पासबुक घरी न्यायला तयार नव्हत्या. नवऱ्याच्या हाती लागलं तर शिल्लक कळेल, मग पैसे राहणार नाहीत. बँकेला त्यावर वाट काढावी लागली. तुमच्याही मुलींमध्ये कुणाला पासबुक तुमच्या कपाटात ठेवायचं असेल, तर प्रश्न न विचारता ठेवून घ्या.

सरकारी योजनांचं थोडक्यात. कर्जाची घाई पहिले सहा महिने करू नका. मग ज्या मुलीची वही सहा महिने नीट भरलेली असेल, तिला घेऊन बँकेत जा. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. बँकेचा माणूस "नंतर या" म्हणतो, दोनदा म्हणतो. त्या वेळी तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असा. लहान धंद्याची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, फुकट आहे, त्याचे पैसे मागणारा एजंट भेटेल, देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागते, ती आधी करा. बचत गटांचं काम बघणाऱ्या दोन सरकारी यंत्रणा आहेत, उमेद आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), दोन्हींची माणसं तालुक्यात असतात, त्यांना गाठा. आणि एका गोष्टीपासून मुलींना लांब ठेवा: दर आठवड्याला दारात येऊन हप्ता नेणारे फायनान्सवाले. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या दहा जणी तिच्या दारात जाऊन बसतात. उचल फेडायला कोयता धरायचा आणि हप्ता फेडायला दुसरं कर्ज काढायचं, यात फरक काय राहिला?

शेळीचा विषय निघाला तर हसण्यावारी नेऊ नका. तुमच्याकडची उस्मानाबादी शेळी दुष्काळात तगते, बऱ्याचदा जुळी देते, आणि अडीनडीला विकता येते. आजी घरी असते, तिलाही काम मिळतं. पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या रोगांच्या लसी चुकवायच्या नाहीत, एवढं पशुवैद्यकाकडून पक्कं करून घ्या. 2002 पासून बांगलादेशात ब्रॅक ही संस्था सर्वांत गरीब बायकांसाठी असंच काहीसं करत आली: शेळ्या किंवा गाय, काही महिने पोटापुरते पैसे, आणि जवळजवळ दोन वर्षं नेमाने घरी येऊन बसणारं, विचारपूस करणारं एक माणूस. पुढे सहा देशांत, त्यात आपला पश्चिम बंगालही होता, हे करून पाहिलं आणि काम संपल्यावर वर्षभरानेही बऱ्याच ठिकाणी त्या घरांची परिस्थिती सुधारलेली दिसली. मला विचाराल तर त्यातलं नेमाने येणारं माणूस सोडलं, तर बाकी सगळं विकत मिळतं. तुमच्या गावात ते माणूस तुम्ही आहात. वर्षाची तयारी असेल तर करू नका, दोन वर्षांची असेल तर करा.

आठांतल्या सगळ्या टिकणार नाहीत. एखादीचं पुन्हा लग्न होईल आणि ती जाईल. एखादी हंगाम आला की कोयता घेऊन निघेल, कारण घरावर उचल आहे. तिच्याशी बोलणं सोडू नका. पाडव्याला ती परत येईल तेव्हा तिची वही तुमच्याकडे असू द्या. ज्या चार टिकतील, त्यांच्याकडे बघून गावातल्या नववीतल्या मुली काय बोलतात, ते ऐका आणि भावाला सांगा.

पुढाऱ्यांना सांगा, मंडप नको. देणारच असतील तर शाळेजवळची ती रिकामी खोली द्या, दिव्याची सोय करून, संध्याकाळी बसायला.

तीन संध्याकाळी झाल्या की त्या वह्यांतली चार पानं मला पाठवा. मुलींनी लिहिलेलीच पानं पाठवा, आणि बाई, शुद्धलेखन तपासू नका. चुका तशाच राहू द्या.

तुमची,
ताई